दोन बोटे, सहा तारा

संध्याकाळचे सात वाजले, की हल्ली कुठल्याही शहरातल्या गृहसंकुलात एखाद्या तरी खिडकीतून गिटारचा आवाज येतो. सूर बदलतात, पण हाताची छेड बदलत नाही. झंक-चक, झंक-चक, अर्धा तास, पाऊण तास. आत डोकावून पाहिले तर कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी पलंगावर बसलेली असते, शेजारी मोबाइल असतो आणि त्यातून बास, ड्रम, क्वचित व्हायोलिन ऐकू येत असते. गिटारची जागा तेवढी मोकळी ठेवलेली असते. ती आपण भरायची. याला ही मुले बॅकिंग ट्रॅक म्हणतात. आजीला मात्र प्रश्न पडतो, की अरे, गाणे कधी वाजवणार? नुसते हे चक-चक किती दिवस?

ज्या घरात कधी काळी तबला शिकला गेला आहे, त्या घरात हा प्रश्न पडत नाही. तबल्याच्या विद्यार्थ्याला पेटीवर लेहरा धरून द्यावा लागतो. तीच एक ओळ, सोळा मात्रांची, तासभर. पूर्वी हे काम धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या गळ्यात पडायचे. कंटाळून पेंगत पेंगत, पण लय न सोडता ओळ वाजवत राहायचे आणि भाऊ कायदे-रेले घोटत राहायचा. नाव व्हायचे ते भावाचे. पेटी धरणारा कोणाच्या लक्षातही राहत नसे. पुढे लेहरा यंत्रात गेला आणि धाकटी भावंडे सुटली.

हे सगळे आठवण्याचे कारण असे, की गिटारवर ठेका घोटणारी ही मुले ज्या धूनवर हात बसवतात, त्यांत एक धून वारंवार असते. तिचे नाव ‘मायनर स्विंग’. ही धून रचली गेली 1937 साली पॅरिसमध्ये. रचणाऱ्यांपैकी एकाला स्वरलिपी वाचता येत नव्हती. लिहिणे-वाचणेही जेमतेमच. डाव्या हाताची दोन बोटे निकामी होती. आणि त्याच्या मागे बसून ठेका धरणारा होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो माणूस म्हणजे जँगो राइनहार्ट.

तांड्यावरचा जन्म

बेल्जियममधल्या लिबेर्शी या खेड्याबाहेर 23 जानेवारी 1910 रोजी, थंडीत थांबलेल्या एका तांड्यावर जँगोचा जन्म झाला. कागदोपत्री नाव जाँ. आई-वडील जिप्सींच्या मानूश शाखेचे. वडील वाद्ये वाजवत, आई खेळ करी आणि जमेल तो किरकोळ धंदाही. घर म्हणजे घोड्याने ओढायची लाकडी गाडी. जँगो हे त्याचे तांड्यातले नाव. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ मी जागा होतो, असा सांगितला जातो.

मराठी वाचकाला इथे क्षणभर थांबावेसे वाटेल. जागणे हा शब्द आपल्या घरातला. भाषाशास्त्रज्ञांनी शंका उरू दिलेली नाही, की युरोपातल्या या भटक्यांची रोमानी बोली भारतातल्या आर्य भाषांच्या कुळातली आहे. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्येकडून बाहेर पडले, इराण, आर्मेनिया, बाल्कन असे करत 1427 साली पॅरिसच्या वेशीवर येऊन पोचले. वाटेत धर्म बदलले, वेश बदलले, पण पाण्याला ते पानीच म्हणत राहिले. नाक, कान, बाल हे शब्दही राहिले. त्यावरून जँगोच्या संगीतात राग शोधायला जाण्यात अर्थ नाही, ते संगीत पॅरिसचे आणि अमेरिकेचे आहे. पण जो मुलगा त्या गाडीत जन्मला, त्याच्या आईने त्याला पाणी पाजताना तो शब्द उच्चारला असेल, एवढे मनात राहते.

वडील कुटुंब सोडून निघून गेले. आई पोरांना घेऊन पॅरिसच्या जुन्या तटबंदीबाहेरच्या पडीक पट्ट्यात राहू लागली. कचरा, चिखल, पत्र्याच्या झोपड्या आणि भटक्यांच्या गाड्या असा तो भाग. शाळेशी जँगोचा संबंध फारसा आलाच नाही. बाराव्या वर्षी कोणीतरी त्याला बँजो-गिटार दिली. गिटारसारख्या सहा तारा आणि बँजोसारखे चामड्याने मढवलेले तोंड, असे ते वाद्य. शिकवणारा कोणी नव्हता. इतरांची बोटे पाहून तो शिकला आणि दिवसरात्र वाजवत राहिला.

त्या काळात पॅरिसच्या कामगार वस्त्यांतून नाचाची छोटी सभागृहे होती. राजा असे तो ॲकॉर्डियन वाजवणारा. त्याच्या शेजारी बँजोवाला नुसता ठेका धरून बसे. जँगोने कमाईला सुरुवात केली ती या खुर्चीवरून. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तो ग्वेरिनो नावाच्या ॲकॉर्डियनवादकाच्या साथीला बसू लागला. पुढे ज्याच्या एकल वादनाने जग थक्क झाले, त्याची पहिली काही वर्षे अशी दुसऱ्याच्या मागे बसून मात्रा मोजण्यात गेली. 1928 साली पहिल्या तबकड्या निघाल्या त्याही ॲकॉर्डियनच्या साथीदार म्हणून. तबकडीवर त्याचे नाव चुकीचे छापले गेले. त्याला स्वतःलाच ते लिहिता येत नव्हते, तर सुधारून कोण देणार?

कागदी नव्हे, सेल्युलॉइडची फुले

1928 च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या आयुष्याची दिशा ठरेल अशी गोष्ट घडली होती. लंडनचा प्रसिद्ध वाद्यवृंदप्रमुख जॅक हिल्टन त्याला ऐकून गेला होता आणि त्याने नोकरी देऊ केली होती. जँगो अठरा वर्षांचा होता, नुकताच संसार मांडला होता. त्याची बायको बेला सेल्युलॉइडची कृत्रिम फुले करून विकत असे. त्या रात्री तो वाजवून उशिरा घरी आला तेव्हा गाडी फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची जळती वात फुलांवर पडली. सेल्युलॉइड म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. काही क्षणांत गाडी पेटली. घोंगडीत गुंडाळून घेऊन तो कसाबसा बाहेर पडला. बेलाही वाचली.

उजवा पाय आणि डावा हात भाजून गेले होते. डॉक्टर पाय कापायचे म्हणत होते, त्याने नकार दिला. पाय कालांतराने बरा झाला. हाताचे मात्र तसे झाले नाही. अनामिका आणि करंगळी यांच्या शिरा आखडून दोन्ही बोटे तळव्याकडे वळली ती कायमची. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे गवयाचा गळा. उजवा हात तारा छेडतो, पण सूर ठरवतो डावा.

जवळजवळ दीड वर्ष तो अंथरुणाला आणि उपचारांना बांधलेला होता. धाकटा भाऊ जोझेफ याने त्याला गिटार आणून दिली, बँजोपेक्षा मऊ आवाजाची. मग सुरू झाला तो रियाज, ज्याचे वर्णन कोणी लिहून ठेवलेले नाही, पण ज्याचे फळ तबकड्यांवर ऐकू येते. तर्जनी आणि मधले बोट, एवढ्या दोन बोटांनी त्याने सुरावटी नव्याने बसवल्या. गिटारच्या दांडीवर आडवे जाण्याऐवजी त्याची बोटे तारेच्या लांबीने वरखाली धावू लागली. स्वरमेळ धरताना अंगठा दांडीवरून वळवून तो खर्जाच्या तारेवर ठेवी आणि आखडलेली बोटे हुकासारखी पातळ तारांवर अडकवी. पाच-सहा तारा दाबणारे मोठे स्वरमेळ त्याला अशक्य होते, म्हणून त्याने तीन-चार स्वरांचे आटोपशीर मेळ शोधले. आज गिटारची मुले हेच छोटे मेळ जिप्सी पद्धत म्हणून शिकतात. चांगली चार बोटे असलेली मुले.

दंतकथा अशी सांगायचा मोह होतो, की अपघातामुळे तो मोठा झाला. तसे मानू नये. अपघाताआधीच लंडनहून बोलावणे आले होते. गुण होताच. अपघाताने त्याच्याकडून जबरदस्त किंमत घेतली आणि त्याने ती भरूनही वाजवले, एवढेच खरे.

तूलाँमधल्या तबकड्या

1931 च्या सुमारास दोघे भाऊ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॉटेलांतून वाजवत फिरत होते. तूलाँ या बंदराच्या गावी एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने त्यांना ऐकले, घरी नेले आणि अमेरिकन तबकड्या ऐकवल्या. त्यात लुई आर्मस्ट्राँग होता, ड्यूक एलिंग्टन होता आणि व्हायोलिन-गिटारची जोडी जो व्हेनुटी आणि एडी लँग हेही होते. आर्मस्ट्राँगचा कर्णा ऐकून जँगो हेलावून गेला. आपल्याला काय वाजवायचे आहे हे त्याला त्या खोलीत कळले.

तबकडी लावायची, ऐकायचे आणि तिच्याबरोबर वाजवून पाहायचे. जॅझ जगभर पसरले ते याच मार्गाने. आपल्याकडेही 1935 साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि गोव्याहून आलेल्या वादकांनी असे ताफे आणि अशा तबकड्या कानात साठवून हे संगीत आपलेसे केले. त्यांच्याच पिढीने पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. मुद्रित संगीताला साथ करत शिकणे हे मोबाइलच्या जमान्याचे खूळ नाही. फक्त त्या तबकडीत गिटारची जागा मोकळी नसे, आणि ती हळूही करता येत नसे. एक वाद्य मुद्दाम वगळलेल्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये 1950 साली विक्रीस निघाल्या. जॅझ शिकणाऱ्यांसाठी जेमी एबरसोल्ड या अमेरिकन शिक्षकाची मालिका 1967 साली सुरू झाली. तेव्हा जँगो जाऊन चौदा वर्षे झाली होती.

दोन गिटारींचा हट्ट

1934 साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात चहाच्या वेळी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात जँगो होता. त्याच वृंदात स्तेफान ग्रापेली नावाचा व्हायोलिनवादक होता. नीटनेटका, हिशेबी, वेळ पाळणारा. मधल्या सुट्टीत पडद्यामागे ग्रापेली तारा जुळवता जुळवता एखादी जॅझची ओळ वाजवी आणि जँगो तिला साथ करी. हळूहळू जोझेफ आला, बास वाजवणारा लुई व्होला आला. पॅरिसच्या हॉट क्लब या जॅझप्रेमी मंडळाच्या तरुणांनी हे हेरले आणि त्यातून क्लबच्या नावाचे पंचक उभे राहिले. डिसेंबर 1934 मध्ये त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या.

पंचकातला पाचवा माणूस कसा आला याची हकीकत ग्रापेली पुढे अनेकांना सांगत असे. आधी ते चौघेच होते. ग्रापेली एकल वाजवू लागला, की त्याच्या मागे जँगो आणि जोझेफ अशा दोन गिटारींचा ठेका असे. पण जँगोची पाळी आली, की मागे उरे फक्त जोझेफ. जँगो कुरकुरू लागला, की तुझ्या मागे दोन गिटारी आणि माझ्या मागे एकच, हा कुठला न्याय? मग रोजे शापू नावाचा दुसरा साथीदार घेतला गेला. आज हा हट्ट ऐकून हसू येते. पण थोडा विचार केला तर यात मानापमानाखेरीज आणखी काही दिसते. जो माणूस लहानपणी इतरांच्या मागे ठेका धरून बसला होता, त्यालाच ठाऊक होते, की पुढे धावणाऱ्याच्या पायाखालची जमीन किती पक्की लागते.

या पंचकात ड्रम नव्हता, पियानो नव्हता, तोंडाने वाजवायचे एकही वाद्य नव्हते. सगळी तारांची वाद्ये. जॅझच्या जगात हे अजबच होते. ड्रमचे काम दोन गिटारींनी करायचे, म्हणून त्यांनी जो ठेका धरला त्याला फ्रेंचमध्ये ला पाँप म्हणतात. पाँप म्हणजे पंप. नाव अगदी चपखल आहे, कारण ऐकताना खरेच पंप हापसल्यासारखे वाटते.

हा ठेका चार मात्रांचा. आपला केरवा समोर धरला तर समजायला सोपे. पहिल्या मात्रेला उजवा हात खर्जाच्या तारांवर हलकेच पडतो. दुसऱ्या मात्रेला तो सगळ्या तारांवरून झटक्यात उतरतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे सैल सोडायची, म्हणजे आवाज चक करून तुटतो. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. कुठे कुठे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या अगदी तोंडाशी हात वर येताना तारांना निसटता स्पर्श करतो. ही निसटती छेड ऐकू येता कामा नये आणि नसेल तर मात्र चुकल्याचुकल्यासारखे वाटावे. आपला कान समेवर वजन शोधतो. इथे वजन दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. म्हणून आपली मुले सुरुवातीला हमखास गडबडतात. ‘मायनर स्विंग’चे आवर्तन अशा सोळा खंडांचे, म्हणजे चौसष्ट मात्रांचे. त्यात मोजके स्वरमेळ. दहा मिनिटांत पाठ होतात. आवर्तनामागून आवर्तने लय न धावता, न रेंगाळता धरून ठेवायला वर्षे लागतात. जिप्सी घरांतून मुलाला आधी काही वर्षे हा ठेकाच धरायला लावतात, सुरावट नंतर, असा रिवाज सांगतात. आपल्याकडे आधी ठेका, मग कायदा, तसेच.

वाद्यही या कामाला साजेसे मिळाले. मारिओ माक्काफेरी या इटालियन कारागिराने आखलेल्या गिटारी 1932 पासून सेल्मर या पॅरिसच्या कंपनीने बनवल्या. खणखणीत आणि लांबवर जाणाऱ्या आवाजाच्या. 1952 साली उत्पादन थांबेपर्यंत हजारभरसुद्धा निघाल्या नाहीत. आज संग्राहक त्यांच्यासाठी घर विकावे अशा किमती मोजतात.

मागची खुर्ची

1934 ते 1939 हा या पंचकाचा बहराचा काळ. ग्रापेली आणि जँगो हे दोन टोकांचे स्वभाव. ग्रापेली करारपत्रे वाचणार, गाडीची वेळ पाळणार. जँगो मैफल सोडून बिलियर्ड्स खेळायला जाणार किंवा नदीवर मासे धरत बसणार. हातात पैसा आला की जुगारात उडवणार, तांड्यातल्या माणसांना वाटणार. रीतसर बोलावलेल्या मैफलीला त्याचा पत्ता नाही आणि रस्त्याकडेच्या शेकोटीजवळ मात्र रात्रभर वाजवतो आहे, असे कितीदा झाले. ग्रापेलीने त्याला सही करायला शिकवली असे सांगतात. दोघांत खटके उडत आणि वाजवू लागले की मिटत.

जोझेफबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. दोन वर्षांनी लहान असलेला हा भाऊ स्वतः उत्तम वादक होता. थोरल्याची गिटार तोच वाहून नेई, तारा तोच बदली आणि रंगमंचावर मागे बसून पंप हापसत राही. कधी कधी त्याचे डोके फिरे आणि तो निघून जाई, मग फेरे घराण्यातले किंवा दुसरे कोणी नातलग त्या खुर्चीवर बसत. नोव्हेंबर 1937 मध्ये ‘मायनर स्विंग’ मुद्रित झाली तेव्हा मात्र जोझेफ जागेवर होता, शेजारी युजेन व्हेस. आता ती तबकडी पुन्हा ऐकताना एकदा मुद्दाम व्हायोलिन आणि मुख्य गिटार कानाआड करून नुसते मागचे ऐकावे. ते दोघे तीन-सव्वातीन मिनिटांत एकदाही आपल्याकडे लक्ष वेधून घेत नाहीत. ते थांबले तर काय होईल, याची कल्पना मात्र करवत नाही.

मेघ

3 सप्टेंबर 1939 रोजी युद्ध जाहीर झाले तेव्हा पंचक इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. जँगो तडकाफडकी पॅरिसला परतला. ग्रापेली आजारी होता, तो लंडनलाच राहिला. सहा वर्षे दोघांची भेट झाली नाही.

पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. जँगो जिप्सी आणि त्याचे संगीत जॅझ. नाझींच्या लेखी दोन्ही नष्ट करण्याच्या लायकीचे. तरीही पॅरिसमध्ये रजेवर आलेले जर्मन अधिकारी संध्याकाळी क्लबमध्ये बसून त्याचीच गिटार ऐकत. व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट घेऊन त्याने नवे पंचक बांधले आणि 1940 साली ‘न्वाज’ ही धून मुद्रित केली. न्वाज म्हणजे मेघ. मंद, उदास आणि तरीही कुठे रडवेली नाही अशी ही धून व्यापलेल्या फ्रान्समध्ये घरोघर पोचली. राष्ट्रगीत म्हणायला बंदी होती, तेव्हा लोकांनी जणू ती धूनच आपले गीत मानली.

मागे वळून पाहिले की कळते, तो वाचला हे केवढे आश्चर्य आहे. फ्रान्सच्या सरकारनेच 6 एप्रिल 1940 रोजी हुकूम काढून भटक्यांना युद्धकाळात फिरायला बंदी केली होती. पुढे हजारो जिप्सी फ्रान्समधल्या छावण्यांत डांबले गेले. काहींची सुटका तर युद्ध संपल्यानंतर, 1946 साली झाली. या अपराधातला फ्रान्सचा वाटा राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केला तो 2016 साली. सबंध युरोपात नाझींनी मारलेल्या रोमा आणि सिंती लोकांची संख्या इतिहासकार दोन ते पाच लाखांच्या घरात धरतात. जँगोला याची झळ कळत नव्हती असे नाही. 1943 साली दुसरी पत्नी सोफी, तांड्यातली नागीन, हिच्याशी त्याने साल्ब्री गावी लग्न केले आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला. पकडला गेला आणि सुटला. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा स्विस पहारेकऱ्यांनी परत पाठवले. मग तो पॅरिसला येऊन वाजवत राहिला. दुसरे करण्यासारखे काय होते?

याच काळात त्याने आपल्या लोकांसाठी चर्चमधल्या प्रार्थनासंगीताची, मास या प्रकाराची, रचना करायला घेतली. स्वतःला लिहिता येत नाही, म्हणून तो वाजवून दाखवी आणि क्लॅरिनेटवाला जेरार लेव्हेक उतरवून घेई. ते काम पूर्ण झाले नाही. थोडे तुकडे उरले. ज्या लोकांना देवळात उभे राहायला स्वतःचे संगीत नव्हते, त्यांच्यासाठी त्या दिवसांत ते करावेसे वाटणे, यातच सारे आले.

1946 च्या जानेवारीअखेर तो लंडनला ग्रापेलीला भेटला. दोघे वाजवायला बसले आणि त्यांनी मुद्रित केले ते फ्रान्सचे राष्ट्रगीत, जॅझच्या ढंगात.

अनोळखी साथ

त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनने त्याला अमेरिकेला बोलावले. तूलाँच्या खोलीत तबकडीवर ऐकलेला एलिंग्टन! जँगो आपली गिटार न घेताच निघाला. अमेरिकन कारखानदार गिटारी भेट द्यायला बंदरावर रांग लावतील अशी त्याची समजूत होती. तसे काही झाले नाही. मिळेल त्या विजेच्या गिटारवर त्याने दौरा केला. कार्यक्रमाच्या शेवटी येऊन तो तीन-चार गोष्टी वाजवी. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नोव्हेंबरात दोन रात्री होत्या. दुसऱ्या रात्री तो गावात एका फ्रेंच मुष्टियोद्ध्याशी गप्पा मारत रमला आणि फार उशिरा पोचला. समीक्षकांनी झोडपले. 1947 च्या सुरुवातीला तो खट्टू होऊन परतला.

1949 साली रोममध्ये त्याने आणि ग्रापेलीने साठाहून अधिक धून मुद्रित केल्या. साथीला स्थानिक इटालियन मंडळी होती, पियानो, बास आणि ड्रम. जोझेफ नव्हता, पंप नव्हता. दोघे म्हातारपणी भेटलेल्या मित्रांसारखे अतिशय सुंदर वाजवतात. पण मागची मंडळी फक्त मात्रा भरत राहतात, अशी जाणकारांची जुनी तक्रार आहे. ठेका बरोबर असणे आणि साथ असणे यांत जे अंतर आहे, ते या तबकड्यांत ऐकू येते.

1951 पासून तो पॅरिसच्या दक्षिणेला सेन नदीकाठी साम्वा या गावी राहू लागला. मासे धरायचे, चित्रे काढायची, गावातल्या खानावळीत बिलियर्ड्स. काही काळ गिटारला हात लावायचा नाही आणि लावला तर नव्या तऱ्हेचे, बीबॉप वळणाचे वाजवायचे. जुने चाहते नाराज झाले. त्याला फिकीर नव्हती. 1953 च्या एप्रिलमधल्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात पियानोवर मार्शल सोलाल हा तरुण होता. जँगोचा हात तेव्हाही पुढेच धावत होता. 16 मे 1953 रोजी तो रेल्वे स्थानकावरून चालत घरी आला आणि घराबाहेरच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवार होता, डॉक्टर मिळायला वेळ लागला. तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

मोकळी जागा

त्यानंतर जोझेफने काही काळ वाजवणे सोडले. पुढे पुन्हा गिटार हातात घेतली, स्वतःच्या तबकड्याही काढल्या. 1982 साली तो गेला. ग्रापेली दीर्घायुषी ठरला. 1984 साली आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर त्याने एक ध्वनिमुद्रिका केली आणि 1997 साली, एकोणनव्वदाव्या वर्षी त्याने निरोप घेतला.

जँगोचा हात कोणाकोणाच्या उपयोगी पडला याची गणती नाही. 1965 साली बर्मिंगहॅममधल्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची अग्रे तुटली. गिटार संपली असे धरून बसलेल्या त्या मुलाला कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगोची तबकडी ऐकवली आणि मग वादकाच्या बोटांची हकीकत सांगितली. पुढे ब्लॅक सॅबथ या रॉक संगीताच्या ताफ्याने जग हलवले. साम्वाच्या परिसरात 1968 पासून जँगोच्या नावाने महोत्सव भरत आला आहे. तिथे व्यासपीठावरच्या मैफली असतातच, पण मौज असते ती रात्री मोटारगाड्यांच्या आडोशाला. ओळखदेख नसलेले पाचदहा जण गोल करून बसतात. एक जण सुरावट वाजवतो, बाकीचे पंप हापसतात. मग पाळी फिरते. ज्याला नुसते पुढेच वाजवायचे असते, त्याला त्या गोलात फार वेळ जागा मिळत नाही.

संध्याकाळी खिडकीतून येणारे ते झंक-चक म्हणूनच हेटाळण्यासारखे नाही. यंत्रातला साथीदार थकत नाही, रुसून जात नाही, मागाल तितका हळू चालतो. हात बसवायला त्याच्यासारखा सोबती नाही. एवढेच, की तो ऐकत नाही. मुलगा चुकला तरी तो पुढे जातो आणि मुलाने सुंदर वाजवले तरी त्याचा ठेका खुलत नाही. जँगोला दोन गिटारी हव्या होत्या त्या आवाज मोठा व्हावा म्हणून असतील, पण त्या दोन्ही गिटारींच्या मागे कान होते. त्यातले दोन तर त्याच आईच्या पोटी आलेले.

म्हणून आजीने एक करावे. अर्धा तास झाला की नातवाला मोबाइल बंद करायला सांगावे आणि घरातल्या धाकट्याला पेटीवर किंवा नुसत्या टाळीने लय धरायला शेजारी बसवावे. दोघे भांडतील. धाकटा कंटाळेल, थोरला ओरडेल. पण कधीतरी चौसष्ट मात्रांचे एक आवर्तन दोघांचे मिळून नीट पुरे होईल आणि दोघेही एकदम वर पाहतील.